पिकाचा स्वभाव आणि आपला पेला

उभा ऊस शेतात आठवडाभर जास्त राहिला तरी लगेच नासत नाही, पण एकदा का कोयता लागला की मग तास मोजावे लागतात. तोडलेल्या कांडीचं तोंड जवळून बघा, पहिल्या दिवशी ते पांढरट ओलसर असतं, दुसऱ्या दिवशी कडा तांबूस व्हायला लागतात आणि नाकाजवळ नेलं तर हलका आंबूस वास येतो. आत काय चालू असतं, तर उसातलंच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखरेचे तुकडे करत सुटतं, म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज नि फ्रुक्टोज होतं, आणि त्यांचा काही कारखान्यात दाणा पडत नाही. वरून कापलेल्या तोंडातून जिवाणू शिरतात, ते डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, त्याने रस बुळबुळीत होतो, नीट गाळला जात नाही. ऊस वाळतो तसं वजन घटतं आणि उतारा, म्हणजे उसातून हाती येणारी साखर, पण घटतो. म्हणून तोडणीपासून २४ तासांत, फार तर ४८ तासांत गाळप व्हायलाच हवं.

आता एवढी एकच गोष्ट धरून ठेवा, कारण जगातला उसाच्या साखरेचा अख्खा धंदा याच्यावर उभा आहे. ऊस लांब नेता येत नाही, म्हणून कारखाना शेताजवळच लागतो. ऊस साठवता येत नाही, म्हणून कारखाना हंगामात दिवसरात्र चालतो आणि बाकीचे महिने बंद राहतो. तोडणाऱ्याला थांबता येत नाही कारण गिरणी थांबलेली परवडत नाही, आणि गिरणीला थांबता येत नाही कारण तोडलेला ऊस वाट बघत पडलाय.

आपण पेय म्हटलं की चव, ब्रँड, जाहिरात आणि फार तर तब्येत एवढाच विचार करतो. पण माझं म्हणणं असं की आधी पिकाचा स्वभाव बघायला हवा, ते तोडल्यावर किती टिकतं, त्याने स्वतःच्या बचावासाठी अंगात काय साठवलंय, त्याला पाणी नि सावली किती लागते, कारण कारखाना कुठे उभा राहिला, पैसा कुणाकडे गेला, नदी कशाने नासली आणि रात्री झोप का येत नाही, या सगळ्याची उत्तरं तिथून सुरू होतात.

उसाचंच पुढे बोलू, कारण तिथे या स्वभावाची किंमत माणसांनी सगळ्यात जास्त मोजली. सतराव्या शतकात बार्बाडोससारख्या बेटांवर ऊस गेला आणि दिवसरात्र चालणाऱ्या गिरण्यांना माणसं हवी होती. अटलांटिक ओलांडून साधारण सव्वा कोटी आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून जहाजात कोंबली गेली, त्यातला सगळ्यात मोठा वाटा ऊस पिकवणाऱ्या ब्राझीलकडे आणि कॅरिबियन बेटांकडे गेला. रात्रपाळीत झोपेने डोळे मिटत असताना हाताने ऊस रुळांत सारायचा, आणि हात आत ओढला गेला तर अख्खा माणूस जाऊ नये म्हणून हात तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. हे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचल्यावर बरेच दिवस पाठ सोडेना, कारण त्या कुऱ्हाडीच्या मुळाशी क्रूर मालक तर आहेच, पण तोडल्यावर तासातासाने नासणारं एक पीकही आहे.

याच्या उलट बीट. ते थंडीत ढीग करून काही आठवडे तरी राहतं. १७४७ मध्ये आंद्रेआस मार्गग्राफने बीटमध्ये उसासारखीच साखर आहे हे दाखवलं, त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१-०२ च्या सुमारास सायलेसियात पहिला कारखाना काढला, आणि ब्रिटिशांशी चाललेल्या लढाईत उसाची साखर मिळेना म्हणून नेपोलियनने बीटला जोर दिला. म्हणजे थंड हवेतल्या देशांना स्वतःची साखर मिळाली ती एका टिकणाऱ्या कंदामुळे.

साखर काढल्यावर उसाचं जे उरतं त्यानेही एक वेगळा उद्योग उभा राहतो. चिपाड उसाच्या वजनाच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के असतं, ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वाफ नि वीज स्वतःच करतो, वर उरली तर विकतो. मळी, म्हणजे साखरेचा दाणा काढल्यावर उरणारा काळपट पाक, आंबवून अल्कोहोल करतात, त्यातून रम निघते, इंधनात मिसळायचं इथेनॉल निघतं. इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी मागे राहतं, त्याला स्पेंट वॉश म्हणतात, आणि त्यात कुजणारा माल इतका असतो की ते तसंच ओढ्यात सोडलं तर जिवाणू ते खायला तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरून मरतात. विष पाजून मारलं असं नाही, पाण्यातला श्वास काढून घेतला. उपाय माहीत नाहीत असं अजिबात नाही, बंद टाकीत सडवून त्यातून बायोगॅस काढता येतो, उरलेलं आटवून जाळलं तर राखेतून पोटॅश मिळतं. प्रश्न खर्चाचा नि इच्छेचा असतो.

चहाचा स्वभाव पण घाईचाच, फक्त तिथे माणसाने त्या घाईचा फायदा करून घेतला. हिरवा चहा नि काळा चहा ही वेगळी झाडं आहेत असं कित्येकांना वाटतं, पण झाड एकच. पान खुडून चुरडलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम नि पॉलिफेनॉल नावाची तुरट द्रव्यं एकमेकांना भेटतात, हवेतला ऑक्सिजन लागतो आणि पान तांबूस होत जातं, सफरचंद कापून ठेवल्यावर होतं तसंच. ते होऊ दिलं तर काळा चहा, सुरुवातीलाच वाफ देऊन किंवा तव्यावर परतून एन्झाइम मारलं तर हिरवा. पण दोन्हीकडे पान खुडल्यावर काही तासांत कामाला लागावं लागतं, म्हणून चहाची फॅक्टरी मळ्यातच असते, आणि साधारण साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो म्हणजे बाकीचं सगळं पाणी उडवायला उष्णता लागते. कित्येक चहाच्या प्रदेशांत ती उष्णता आजूबाजूचं जंगल तोडून आली, आजही काही ठिकाणी लाकूडच जळतं. १९३० च्या सुमारास आसाममध्ये पान चिरडून, फाडून, गोळी वळणारं सीटीसी यंत्र आलं आणि चहा झटपट रंग सोडायला लागला, थोड्या पत्तीत जास्त कप व्हायला लागले. खुडणी मात्र, दोन पानं नि एक कळी, बऱ्याच ठिकाणी अजून हातानेच होते.

आता कॉफी, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. कॉफीचं पिकलेलं फळ दोन बोटांत धरून दाबलं की लाल साल फाटते आणि आतून दोन बिया सटकन बाहेर येतात, बोटांना गोडसर बुळबुळीत गर लागतो आणि तो नुसत्या पाण्याने पटकन जात नाही. तो गर काढणं हेच कॉफीवाल्याचं मोठं काम. एक तर अख्खं फळ उन्हात वाळवायचं, नाहीतर साल काढून बिया टाकीत आंबवायच्या म्हणजे गर सुटतो, मग धुवायच्या. धुतलेल्या कॉफीची चव स्वच्छ लागते म्हणून तिला भाव चांगला, पण त्या धुण्याचं पाणी आंबट आणि कुजणाऱ्या गराने भरलेलं असतं, म्हणजे ओढ्याचं पुन्हा तेच, ऑक्सिजन संपणार. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी मिळते, बाकी साल, गर नि पाणी गावाकडेच राहतं.

आणि इथे कॉफीचा स्वभाव उसाच्या अगदी उलटा वळतो. वाळवून ओलावा १०-१२ टक्क्यांवर आणलेली हिरवी बी पोत्यात महिनोन् महिने राहते, जहाजाने कुठेही जाते. पण भाजलेली कॉफी लवकर शिळी पडते. मग झालं काय, तर भाजायचा कारखाना पिकाजवळ उभा न राहता पिणाऱ्याजवळ उभा राहिला, आणि भाजणं, मिसळणं, पॅकिंग, नाव याच्यात जो पैसा आहे तो पण तिकडेच गेला. जर्मनीत कॉफीची शेती होत नाही, तरी कॉफी निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत जर्मनीचं नाव असतं. ऊस लावणाऱ्याच्या गावात निदान कारखान्याचं धुराडं तरी दिसतं, कॉफी लावणाऱ्याच्या गावात बहुतेक वेळा पोती भरून जाताना दिसतात. वर १९८९ मध्ये देशादेशांतल्या कराराखालचे निर्यातीचे कोटे मोडले, भाव कोसळले आणि लाखो छोटे शेतकरी त्यात सापडले. रोप लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, म्हणजे भाव पडला म्हणून पुढच्या हंगामात पीक बदलू अशी सोयच नाही.

कॉफीत कॅफिन असतं ते आपल्याला तरतरी यावी म्हणून नसतं. झाडासाठी ते कीटकनाशक आहे. कोवळ्या पानात नि बीमध्ये ते जास्त, म्हणजे जिथे किडीचा धोका जास्त तिथे जास्त. गंमत म्हणजे चहा, कॉफी आणि कोको या झाडांनी कॅफिन बनवायची युक्ती वेगवेगळी शोधली, एकमेकांकडून घेतलेली नाही. कॉफीच्या फुलातल्या मधातही ते किंचित असतं आणि २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तेवढ्याशा मात्रेने मधमाशीला त्या फुलाचा वास जास्त चांगला लक्षात राहतो. म्हणजे एकच रसायन अळीला पळवतं आणि मधमाशीला परत बोलावतं.

आपल्या डोक्यात काय होतं तेही सरळ आहे. दिवसभर जागं राहिलो की मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं, ते ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की थकवा जाणवतो. कॅफिनचा आकार त्याच्यासारखाच, ते त्या जागा अडवून बसतं. थकवा गेला नाही, नुसता कळेनासा झाला. आणि अंगातलं अर्धं कॅफिन जायला साधारण ५ तास लागतात, काहींना कमी काहींना जास्त, गरोदरपणात तर खूपच जास्त. संध्याकाळी ६ ला १०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री ११ ला पन्नासेक मिलिग्रॅम अंगात फिरतच असतं, मग झोप लागली तरी गाढ लागत नाही, सकाळी जड वाटतं, आणि मग अजून एक कप. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हटलंय, गरोदर बाईसाठी २००.

कॅफिन काढून टाकायचाही धंदा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत लुडविग रोझेलियसने बेंझीन वापरून ते काढलं, जे आज कोणी करणार नाही कारण बेंझीनने कॅन्सर होतो. पुढे प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरायची पद्धत आली. काढलेली कॅफिनची पांढरी पावडर फेकून देत नाहीत, ती कोल्ड्रिंकवाले आणि औषधवाले घेतात.

तब्येतीचं बोलायला घेतलंच आहे तर माझं स्पष्ट मत सांगतो, बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी यांच्यापेक्षा गोड कोल्ड्रिंकची काळजी शंभर पट जास्त करावी. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम आणि जमलं तर २५. एका कॅनमध्ये खालची मर्यादा ओलांडून झाली. आणि प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, चावून खाल्लेल्या अन्नाने वाटतं तसं, त्यामुळे जेवण काही कमी होत नाही, कॅलरी वर चढतात. दातांना साखर नि आम्ल दोन्ही एकदम लागतं. यावर सरकारं काय करू शकतात याचं मला आवडलेलं उदाहरण ब्रिटनचं. तिथे २०१८ मध्ये कर लावला तो साखरेच्या प्रमाणाच्या पायरीवर, १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या वर एक दर आणि ८ च्या वर जास्त दर. मग बऱ्याच कंपन्यांनी रेसिपीच बदलून साखर ५ च्या खाली आणली, लोकांना काही न सांगता साखर कमी झाली.

बाकी दोन छोट्या गोष्टी. चहातलं टॅनिन भाजी-धान्यातलं लोह नीट शोषू देत नाही, म्हणून ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणासोबत चहा टाळावा, तासाभराने घ्यावा. आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कॉफीला संशयातून काढलं पण ६५ अंशांच्या वरचं कुठलंही कढत पेय अन्ननलिकेसाठी बहुधा धोक्याचं असं म्हटलं, तेव्हा पाच मिनिटं थांबून प्या. दारू मात्र त्यांच्या पहिल्याच गटात आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, आणि ते १९८८ पासून.

पण दारूच्याच एका पिकाने विज्ञानाला जे दिलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बार्ली. कोरडं धान्य, वर्षभर टिकतं, घाई नाही. दाणा भिजवून मोड आणले की आत एन्झाइम तयार होतात, मग वाळवून मोड थांबवायचे, याला माल्ट म्हणतात. असा दाणा दाताखाली फोडला तर कुरकुरीत नि गोडसर लागतो, आणि त्याचं टरफल पुढे रस गाळायला चाळणीसारखं कामी येतं. बी टिकते म्हणून बिअरचे कारखाने शहरांत, बारमाही चालणारे, मोठे झाले, आणि मोठ्या कारखान्याला बिअरची प्रत्येक खेप सारखीच यायला हवी, म्हणून त्यांनी शास्त्रज्ञ नेमले. दारू का नासते हे शोधताना पाश्चरचं तापवण्याचं तंत्र आलं, ते आज दुधाला लागतं. लागर बिअरला थंडी हवी म्हणून १८७० च्या दशकात लिंडेची बर्फाची यंत्रं ब्रुअरीत बसली, आजच्या फ्रीजची ती थोरली भावंडं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ मध्ये हानसेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तिथेच १९०९ मध्ये सोरेनसेनने पीएचचं, म्हणजे आंबटपणाचं, माप काढलं, जे आज मातीपासून रक्तापर्यंत सगळीकडे लागतं. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटला थोड्याच नमुन्यांवरून बार्लीचा अंदाज बांधायचा होता, त्यातून १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने छापलेली टी-टेस्ट आज औषधांच्या चाचण्यांत वापरतात. आणि १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटला कॉलरा आला तेव्हा पंपाशेजारच्या ब्रुअरीतले कामगार वाचले, कारण ते बिअर प्यायचे आणि ब्रुअरीला स्वतःची विहीर होती. साथीचं कारण शोधणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोला पंपाच्या पाण्यावरचा संशय पक्का करायला ही गोष्ट कामी आली.

पर्यावरणाचं बोलताना एक आकडा हमखास फिरतो, की एका कप कॉफीमागे १३०-१४० लिटर पाणी जातं, चहामागे ३० च्या आसपास. हिशोब बरोबर आहे पण तो नीट समजून घ्यायला हवा, कारण यातलं बहुतेक पाणी पावसाचं असतं, झाडाने जमिनीतून ओढून हवेत सोडलेलं, आणि ते तिथल्या जंगलानेही ओढलंच असतं. खरं दुखणं दोन ठिकाणी आहे. जिथे पावसाऐवजी बोअरचं किंवा धरणाचं पाणी द्यावं लागतं तिथे, आणि जिथे धुतलेलं घाण पाणी परत ओढ्यात जातं तिथे. पाण्याचा एकच मोठा आकडा बघून घाबरण्यापेक्षा हे दोन प्रश्न विचारलेले बरे.

कॉफीचं मूळ घर जंगलातली सावली. सावलीत झाड हळू वाढतं, पानगळीचं खत मिळतं, पक्षी किडे खातात. जास्त उत्पन्नासाठी सावलीची झाडं तोडून उघड्यावर दाट लागवड केली की फळं वाढतात पण खत, फवारणी नि माती धुपणं पण वाढतं. आणि लागवड एकसारखी असली तर रोगाला रान मोकळं. अरेबिका ही कॉफीची जात स्वतःच स्वतःचं परागण करते, शिवाय जगभरातल्या बागांचा मोठा भाग मोजक्या रोपांची वंशावळ आहे, अॅमस्टरडॅमच्या बागेतल्या झाडाची एक संतती १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट गेली आणि तिथून कॅरिबियनकडे पसरली. अशा एकसारख्या झाडांवर १८६९ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तांबेरा हा बुरशीचा रोग पडला. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके, बोट फिरवलं तर रंग लागतो, मग पानं गळतात आणि झाड उघडं पडतं. वीसेक वर्षांत तिथली कॉफी संपली आणि डोंगरच्या डोंगर चहाखाली गेले. सिलोन चहा म्हणून जो जगात गाजला तो एका बुरशीमुळे. १९७० मध्ये तोच तांबेरा ब्राझीलला पोचला आणि २०१२-१३ मध्ये मध्य अमेरिकेत असा पसरला की तोडणीची कामंच गेली आणि कित्येक कुटुंबांना गाव सोडावं लागलं.

आता त्यात उष्णता वाढतेय. अरेबिकाला थंड डोंगरी हवा लागते, वर सरकत गेलं तर डोंगर तरी किती उंच असणार. म्हणून संशोधक पुन्हा जंगलाकडे वळलेत. कॉफीच्या १२४ रानटी जातींपैकी निदान ६० टक्क्यांना नामशेष होण्याचा धोका आहे असं २०१९ मध्ये मांडलं गेलं. त्यातली स्टेनोफायला नावाची एक जात पश्चिम आफ्रिकेत एके काळी लावली जायची, मग ती विसरली गेली, २०१८ मध्ये सिएरा लिओनच्या जंगलात तिची मोजकी झाडं पुन्हा सापडली. २०२१ मध्ये तिची चव तज्ज्ञांनी तपासली तर ती अरेबिकाच्या जवळची निघाली, आणि ती अरेबिकापेक्षा सरासरी ६ अंश जास्त उष्ण हवेत वाढते. तिचं फळ पिकल्यावर लाल होत नाही, काळं होतं. ज्या जंगलात ती सापडली तिथे शेतीसाठी झाडं तोडणं चालूच आहे, आणि तिच्या रोपाला फळ धरायला किती वर्षं द्यायची ते तीच ठरवणार.